टोरोंटोमध्ये चार दिवस: आईचे गुडघे, अकरा वर्षांचा मुलगा आणि न संपणाऱ्या याद्या

रानजाई (प्रश्न)

नमस्कार. जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका परिषदेच्या निमित्ताने टोरोंटोला येत आहे. परिषद बुधवारी दुपारी संपेल आणि परतीचे विमान सोमवारी सकाळी आहे, म्हणजे बुधवारची संध्याकाळ आणि त्यापुढचे चार पूर्ण दिवस हाताशी राहतील. सोबत माझी आई आणि अकरा वर्षांचा मुलगा आहे. आईचे वय सत्तरीच्या पुढे असून सपाट रस्त्यावर ती दीड-दोन किलोमीटर आरामात चालते, मात्र जिने चढणे-उतरणे तिला जमत नाही. मुलाला यंत्रे, उंच इमारती आणि भुताखेतांच्या गोष्टी यांत सारखाच रस आहे. मुक्काम युनियन स्टेशनजवळ आहे आणि गाडी भाड्याने घेण्याचा विचार नाही.

अडचण अशी, की कोणतीही यादी उघडली तरी तीच दहा-बारा नावे त्याच क्रमाने समोर येतात आणि त्यांतल्या कशासाठी अर्धा दिवस खर्च करावा, हे काही केल्या कळत नाही. सीएन टॉवरवर जाण्यासाठी तिघांची तिकिटे काढावीत, की तो खालून पाहिला तरी पुरे? संग्रहालय एकच पाहायचे झाले तर कोणते? नायगाराला जाऊन एका दिवसात परत येणे आईला झेपेल का? या शहरात राहणाऱ्यांनी किंवा राहून गेलेल्यांनी आपले मत स्पष्टपणे द्यावे. काय पाहू नये, हे कळले तर त्याचा उपयोग अधिकच होईल.

पाणकणीस

टोरोंटो हे सरोवराकाठचे शहर आहे, ही गोष्ट शहराच्या मध्यभागी फिरताना सहज विसरायला होते, कारण रेल्वेचे रूळ, गार्डिनर हा उन्नत महामार्ग आणि काचेच्या निवासी इमारतींची रांग या तिघांनी मिळून पाणी आणि शहर यांच्यामध्ये भिंतच उभी केली आहे. त्यामुळे माझे पहिले मत असे, की शहर समजून घ्यायचे असेल तर आधी शहराबाहेर, म्हणजे समोरच्या बेटांवर जावे आणि तिथून वळून पाहावे. बे स्ट्रीट जिथे पाण्याला मिळतो, तिथे जॅक लेटन फेरी टर्मिनल आहे. युनियन स्टेशनपासून तिथवरचा रस्ता सपाट आहे आणि सावकाश चालले तरी पाव तासात पोहोचता येते. फेरीबोटीत चढण्यासाठी उतरता फलाट असल्यामुळे आईंना पायऱ्या लागणार नाहीत. तिकीट जातानाच घेतले जाते. परतीचे वेगळे काढावे लागत नाही.

उन्हाळ्यात तीन धक्क्यांवर बोटी जातात: पूर्वेला वॉर्ड्स आयलंड, मध्ये सेंटर आयलंड आणि पश्चिमेला हॅनलन्स पॉइंट. बहुतेक कुटुंबे सेंटर आयलंडला उतरतात, कारण लहान मुलांसाठीचे सेंटरव्हिल हे करमणूक उद्यान तिथे आहे. अकरा वर्षांच्या मुलाला त्यात फारसे काही सापडेल असे मला वाटत नाही. तुम्ही वॉर्ड्स आयलंडची बोट घ्यावी. तिथे अडीचशेहून अधिक लहान लाकडी घरांची वस्ती आहे, खासगी मोटारी अजिबात नाहीत, आणि लोक सामानसुमान सायकलला जोडलेल्या गाडीतून किंवा हातगाडीतून नेतात. या वस्तीमागे मोठा संघर्ष आहे. बेटांचे सार्वजनिक उद्यान करायचे म्हणून १९५० आणि १९६० च्या दशकांत बरीच घरे पाडण्यात आली, उरलेल्या रहिवाशांनी १९८० मध्ये घरे रिकामी करून घेण्यासाठी आलेल्या अधिकाऱ्यांना पुलावरच अडवले, आणि अखेर १९९३ मध्ये प्रांताने कायदा करून जमीन विश्वस्त संस्थेकडे ठेवली व रहिवाशांना ९९ वर्षांचे भाडेपट्टे दिले. ही घरे खुल्या बाजारात विकता येत नाहीत. प्रतीक्षा यादीत नाव असावे लागते आणि ती यादीही पाचशे नावांपुरतीच मर्यादित आहे. समोरच्या काठावरच्या काचेच्या इमारतींमधील घरांचे भाव माहीत असतील, तर हे ऐकून कोणीही चक्रावून जाईल.

वॉर्ड्स आयलंडपासून सेंटर आयलंडपर्यंत दक्षिण काठाने लाकडी फळ्यांची पायवाट आहे. एका बाजूला ओंटारिओ सरोवर समुद्रासारखे अथांग पसरलेले असते आणि दुसऱ्या बाजूला बागा. आईंना एवढे चालणे जास्त वाटले, तर त्यांनी वॉर्ड्सच्या धक्क्याजवळच बसावे. तिथली सावली आणि शांतता पुरेशी आहे.

भुताची गोष्ट हवी असेल, तर जिब्राल्टर पॉइंटचे दीपगृह १८०८ मध्ये बांधलेले आहे आणि ग्रेट लेक्सच्या परिसरातील सर्वांत जुन्या दीपगृहांपैकी ते एक आहे. त्याचा पहिला रखवालदार १८१५ च्या जानेवारीत मारला गेला. दीपगृहात त्याचा वावर आजही आहे, असे सांगितले जाते. बांधले तेव्हा ते जवळजवळ पाण्याला लागून होते. आता पाणी बरेच दूर गेलेले दिसते, कारण ही बेटेच मुळी वाळूची आहेत. पूर्वेकडच्या स्कारबरो ब्लफ्स या कड्यांची झीज होऊन वाहत आलेली वाळू इथे साचत गेली. १८५८ पर्यंत ही बेटे नव्हतीच, मुख्य भूमीला जोडलेली एक भूशिर होती. त्या वर्षीच्या वादळाने ती तोडली आणि पूर्वेची खाडी तयार झाली. दीपगृह सेंटर आयलंडच्या धक्क्यापासून थोडे लांब पडते. सेंटर आयलंडवर चौघांनी मिळून चालवायच्या सायकली भाड्याने मिळतात, त्यांवर आईंना नुसते बसवून नेता येईल. पेडल तुम्ही आणि चिरंजीवांनी मारावे.

परतीची बोट दुपारी उशिराची घ्यावी. बोटीच्या पुढच्या बाजूला उभे राहिले की सगळे शहर हळूहळू जवळ येत जाते आणि सीएन टॉवरची खरी उंची तिथूनच कळते. म्हणून टॉवरचे तिकीट काढू नये, असे माझे मत आहे. टॉवरवरून जे शहर दिसते, त्यात टॉवरच नसतो.

उभा-आडवा

पाणकणीस यांच्या बेटांविषयीच्या प्रत्येक शब्दाशी मी सहमत आहे आणि शेवटच्या दोन वाक्यांशी पूर्णपणे असहमत. ज्या मुलाला यंत्रांची आणि उंच इमारतींची आवड आहे, त्याला टॉवरच्या पायथ्याशी नेऊन परत फिरवणे हा अन्याय होईल.

हा टॉवर हौसेखातर उभा राहिलेला नाही. १९६० च्या दशकात मध्य टोरोंटोत उंच इमारती एकामागून एक उठू लागल्या आणि दूरचित्रवाणी व रेडिओच्या लहरी त्यांवर आपटून परावर्तित होऊ लागल्या. घरोघरच्या पडद्यावर एकाच चित्राच्या दोन-दोन प्रतिमा दिसू लागल्या. सगळ्या इमारतींच्या माथ्यावरून प्रक्षेपण करता येईल असा मनोरा उभारणे हा त्यावरचा उपाय होता आणि तो कॅनेडियन नॅशनल या रेल्वे कंपनीने आपल्या रुळांच्या जागेवर अमलात आणला. बांधकाम १९७३ मध्ये सुरू झाले आणि १९७६ मध्ये टॉवर लोकांसाठी खुला झाला. काँक्रीट ओतण्याचा साचा, खालचा थर घट्ट होत जाईल तसतसा, यंत्रांनी वर सरकवत नेला गेला आणि टोकाचा अँटेना तुकड्यातुकड्यांनी हेलिकॉप्टरने वर नेऊन बसवण्यात आला. ५५३.३ मीटर उंचीचा हा टॉवर २००७ पर्यंत जगातील सर्वांत उंच स्वतंत्र उभी वास्तू होता. त्या वर्षी दुबईच्या बुर्ज खलिफाने बांधकाम सुरू असतानाच त्याला मागे टाकले. वर्षाला सरासरी ७५ वेळा त्यावर वीज कोसळते.

बाहेरच्या बाजूने काच असलेली लिफ्ट साधारण मिनिटभरात वर नेते, म्हणजे आईंना एकही पायरी चढावी लागणार नाही. ३४२ मीटरवर १९९४ पासून काचेची जमीन आहे. मोठी माणसे तिच्या कडेला घुटमळत राहतात आणि मुले तिच्यावर उताणी पडून फोटो काढून घेतात. हा तमाशाच तिकिटाच्या निम्म्या किमतीचा आहे. त्याहून वरच्या ४४७ मीटरवरच्या सज्जासाठी जास्तीचे पैसे घेतात. माझ्या मते ते वाचवावेत, कारण दृश्यात पडणारा फरक किमतीतल्या फरकाच्या मानाने किरकोळ आहे. बाहेरच्या कठड्यावरून दोरीला बांधून फिरवणारा एजवॉक तुमच्या विषयाबाहेरचा आहे.

एक पर्याय सुचवतो. टॉवरवर स्वतःभोवती फिरणारे उपाहारगृह आहे, ज्याची एक प्रदक्षिणा ७२ मिनिटांत पूर्ण होते. तिथे ठरावीक भोजन घेणाऱ्यांना वर जाण्याचे वेगळे तिकीट काढावे लागत नाही. दुपारचे जेवण तसेही कुठेतरी घेणारच असाल, तर दोन्ही खर्चांची बेरीज करून पाहावी. आईंना खुर्चीत बसल्या जागी चारही दिशांचे शहर दिसेल, हा फायदा मी पैशांत धरलेला नाही. जायचे ते मात्र आकाश स्वच्छ असलेल्या दिवशीच जावे. सरोवरावरून धुके आले की वरून केवळ पांढरा पडदा दिसतो, म्हणून तिकीट फार आधीपासून काढून ठेवू नये.

पायथ्याशीच रिपलीज ॲक्वेरियम आहे. शार्क माशांच्या टाकीखालच्या काचेच्या बोगद्यातून सरकत्या पट्ट्यावर उभे राहून जाता येते, त्यामुळे ते आईंनाही सोयीचे आहे. तरीही शनिवार-रविवारच्या दुपारी तिथे पाऊल ठेवू नये; बाबागाड्यांच्या गर्दीत मासे शोधावे लागतात.

विटांचा शौकीन

दोघांच्या भांडणात मी पडत नाही. मुलाला यंत्रे आवडतात आणि तुम्हाला शहर समजून घ्यायचे आहे, म्हणून एका माणसाच्या मागावर फिरण्याचा कार्यक्रम सुचवतो. ई. जे. लेनॉक्स हा टोरोंटोचा वास्तुकार. क्वीन स्ट्रीट आणि बे स्ट्रीटच्या कोपऱ्यावर घड्याळाचा मनोरा असलेले जुने सिटी हॉल त्याने बांधले. ते पूर्ण व्हायला दहा वर्षे लागली, खर्च वाढत गेला, नगरसेवकांशी त्याचे बिनसले आणि इमारतीवर त्याच्या नावाची पाटी लावायला नकार मिळाला. तेव्हा त्याने छपराखालच्या दगडांत एकेक अक्षर कोरून स्वतःचे नाव, हुद्दा आणि १८९८ हे वर्ष इमारतीभोवती लिहून टाकले. दारावरच्या कोरीव कामात वाकडीतिकडी तोंडे केलेले चेहरे आहेत, ते नगरसेवकांचे समजले जातात. हे सगळे बाहेरून, फुकट आणि पायरी न चढता पाहता येते. शेजारीच फिनलंडच्या विल्यो रेव्हेल यांचे १९६५ मधले नवे सिटी हॉल आहे: एकमेकांकडे तोंड करून उभे असलेले दोन वक्र मनोरे. त्यासाठी जगभरातून आराखडे मागवले होते आणि इमारत पूर्ण होण्याआधीच रेव्हेल वारले.

लेनॉक्सचेच दुसरे काम म्हणजे कासा लोमा. सर हेन्री पेलॅट या धनिकाने १९११ ते १९१४ या काळात टेकडीवर ९८ खोल्यांचा हा किल्ल्यासारखा वाडा बांधला आणि दहा वर्षांच्या आतच त्याला तो सोडावा लागला. याद्यांमध्ये एवढेच लिहिलेले असते. हा पैसा आला कुठून, ते कोणी सांगत नाही. पेलॅट आणि त्याच्या भागीदारांनी नायगाराच्या पाण्यावर वीज तयार करून टोरोंटोला विकण्याचा उद्योग उभारला होता, आणि धबधब्याच्या वरच्या अंगाला असलेले त्यांचे १९०६ चे वीजगृहही लेनॉक्सनेच बांधले. पुढे ओंटारिओ प्रांताने वीज सार्वजनिक मालकीची करण्याचे धोरण स्वीकारले, पेलॅटची मक्तेदारी गेली, जमिनींच्या व्यवहारांत तो बुडाला आणि शहराने वाड्यावरचा करही भरमसाट वाढवला. नायगाराला गेलात की ते वीजगृह नदीकाठी रिकामे उभे असलेले दिसेल. वाडा आणि वीजगृह ही दोन्ही टोके एकाच सहलीत पाहिली, म्हणजे कासा लोमाला अर्थ येतो. नाहीतर ते लग्नसमारंभांना भाड्याने दिले जाणारे एक सजवलेले घर आहे.

आईंसाठी सूचना: डुपाँट स्टेशनवरून चालत गेल्यास वाटेत बाल्डविन स्टेप्स या शंभराहून अधिक पायऱ्या येतात. टॅक्सीने थेट दाराशी उतरावे. आत लिफ्ट आहे. मनोऱ्यांत जाणाऱ्या अरुंद जिन्यांना मात्र पर्याय नाही. मुलाने वर जाऊन यावे आणि तबेल्यांकडे जाणारा भूमिगत बोगदाही पाहावा. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्या यंत्रांची जुळणी या वाड्याच्या आवारात गुपचूप चालत असे.

सेंट लॉरेन्स मार्केट, त्याच्याजवळची १८९२ ची त्रिकोणी गुडरहॅम इमारत आणि तिथून पूर्वेला डिस्टिलरी डिस्ट्रिक्ट, असा पायी रस्ता अर्ध्या दिवसाचा आहे. १८३२ मध्ये सुरू झालेल्या गुडरहॅम अँड वर्ट्स या मद्य कारखान्याच्या विटांच्या इमारती तिथे सलग उभ्या आहेत आणि २००३ पासून त्या दुकाने व कलादालने म्हणून वापरात आहेत. इमारती अप्रतिम आहेत. दुकाने महाग आणि विसरण्याजोगी. जमीन विटांची आणि उंचसखल आहे, तेव्हा आईंनी काठी सोबत ठेवावी. मार्केट सोमवारी बंद असते, शनिवारी सकाळी खच्चून भरलेले असते.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. लेनॉक्सच्या अक्षरांची गोष्ट मुलाला वाचून दाखवली. तो आता त्या इमारतीभोवती फिरून प्रत्येक अक्षर शोधणार आहे. संग्रहालयाचा प्रश्न राहिला. आईला जुनी हस्तलिखिते, लघुचित्रे आणि कापडे यांची जाण आहे. मुलाला अर्थातच डायनोसॉर हवे आहेत. दोघांचे एकाच जागी जमेल का?

मंदारमाला

एकाच जागी जमवायचे असेल, तर रॉयल ओंटारिओ म्युझियम हे सरळ उत्तर आहे, पण ते मी थोड्या नाखुशीनेच देत आहे. तिथे डायनोसॉरही आहेत आणि दक्षिण आशियाचे दालनही. बॅरोसॉरसचा जो प्रचंड सांगाडा तिथे आहे, त्याची हाडे १९६० च्या दशकापासून संग्रहालयाच्याच कपाटांत विखरून पडली होती आणि ती एकाच प्राण्याची आहेत हे २००७ मध्ये ध्यानात आले. मुलाला ही गोष्ट आधीच सांगून ठेवावी. मात्र २००७ मध्ये उघडलेल्या, वास्तुकार डॅनिएल लिबेस्किंड यांच्या तिरप्या स्फटिकासारख्या भागाचीच आता मोठी पुनर्रचना सुरू आहे. ब्लोअर स्ट्रीटवरचे मुख्य प्रवेशद्वार त्यासाठी बंद करण्यात आले आणि काही दालनेही कामानुसार बंद ठेवली जातात. तिकिटाआधी संकेतस्थळावर त्या दिवशीची दालने पाहून घ्यावीत. डायनोसॉरचे दालन बंद असेल, तर जाऊ नये.

आईंसाठी माझे उत्तर निःशंकपणे आगा खान म्युझियम हे आहे. ते मध्यवस्तीपासून ईशान्येला, विनफर्ड ड्राइव्हवर आहे. बसने वेळ लागतो, तिघांनी टॅक्सी केलेली बरी. इराणच्या शाह तहमास्पसाठी तयार झालेल्या शाहनामा या महाकाव्याच्या हस्तलिखिताची पाने, इब्न सीनाच्या वैद्यकग्रंथाची प्राचीन हस्तलिखिते, मुघल लघुचित्रे, असा हा संग्रह आहे. आणि दालने इतकी मोजकी आहेत, की दोन तासांत सगळे नीट पाहून होते. लघुचित्र पाहायला वेळ लागतो, गर्दीत ते पाहताच येत नाही, आणि इथे गर्दी क्वचितच असते. पांढऱ्या ग्रॅनाइटची ही इमारत जपानच्या फुमिहिको माकी यांची, २०१४ मधली. तिच्यासमोर उद्यान आहे, उद्यानात पाण्याचे स्थिर काळे चौकोन आहेत, आणि पलीकडच्या बाजूला काचेच्या टोकदार छताचे इस्माइली सेंटर आहे. ते चार्ल्स कोरिया यांचे. नवी मुंबईच्या आखणीत ज्यांचा मोठा वाटा होता, त्या वास्तुकाराचे हे अखेरच्या काळातले काम. ते उघडल्यानंतर वर्षभराच्या आत कोरिया गेले. टोरोंटोतले बहुतेक मराठी लोक या रस्त्यावरून मोटारीने शेकडो वेळा जातात आणि डोम दिसला तरी तो कोणाचा हे त्यांना माहीत नसते. आईंना उद्यानातल्या बाकावर बसवावे, दोन्ही इमारतींच्या मधोमध. माकींची भिंत उन्हाबरोबर रंग बदलत जाते आणि कोरियांचे छत आतून उजळल्यासारखे दिसते. सगळा परिसर सपाट आहे.

बुधवारी दुपारी चार ते आठ या वेळात आगा खान म्युझियममध्ये प्रवेश विनामूल्य असतो, आणि आर्ट गॅलरी ऑफ ओंटारिओमध्येही बुधवारीच, संध्याकाळी सहा ते नऊ. दोन्ही साधण्याचा मोह टाळावा. परिषद दुपारी संपणार असल्याने बुधवारी जवळच्या आर्ट गॅलरीत जावे. वास्तुकार फ्रँक गेरी यांचा जन्म याच शहरात झाला आणि २००८ मध्ये त्यांनी या जुन्या गॅलरीला नवे रूप दिले. डंडस स्ट्रीटच्या बाजूचा लाकडी कमानींचा लांब सज्जा आणि मागचा वळसे घेत जाणारा जिना पाहण्यासारखा आहे. चित्रांमध्ये ग्रुप ऑफ सेव्हनची दालने चुकवू नयेत. या चित्रकारांचे पहिले प्रदर्शन १९२० मध्ये याच संस्थेत भरले होते, आणि उत्तर ओंटारिओचे खडक, पाइन वृक्ष आणि सरोवरे कॅनडाला स्वतःची म्हणून दिसू लागली, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

आणखी एक, पाऊस आला तर: ब्लोअर स्ट्रीट आणि सेंट जॉर्ज स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचे बाटा शू म्युझियम. नाव ऐकून लोक हसतात. जगभरातली पादत्राणे पाहता पाहता तिथे धर्म, हवामान, जात आणि फॅशन यांचा इतिहास उलगडत जातो. हैदराबादच्या निजामाची रत्नजडित मोजडीही या संग्रहात आहे.

दुपारची लोकल

नायगाराबद्दल. एका दिवसात होते आणि आईंनाही झेपेल. फक्त बसगाड्यांच्या सहलीने जाऊ नये, कारण त्यांत वाइनची दुकाने आणि फजच्या दुकानांचे थांबे अधिक आणि धबधबा कमी असतो. उन्हाळ्यात युनियन स्टेशनवरून गो ट्रान्झिटची थेट रेल्वे आहे, तिला साधारण दोन तास लागतात. शनिवारी-रविवारी गोच्या सर्व गाड्यांसाठी दिवसभराचा दहा डॉलरचा पास मिळतो आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट लागत नाही. नायगाराचे स्टेशन धबधब्यापासून काही किलोमीटर अंतरावर आहे. तिथून वीगो नावाची बस घ्यावी.

कॅनडाच्या बाजूने दोन्ही धबधबे समोरून दिसतात, म्हणून रेनबो ब्रिज ओलांडून अमेरिकेच्या बाजूला जाण्याची गरज नाही, आणि अमेरिकेचा व्हिसा नसेल तर तो विचारही करू नये. बोटीची फेरी घ्यावीच. जुन्या पुस्तकांत मेड ऑफ द मिस्ट हे नाव असते. ती बोट आता केवळ अमेरिकेच्या बाजूने सुटते, कॅनडाच्या बाजूची सेवा नायगारा सिटी क्रूझेस या नावाने चालते. लाल रेनकोट देतात, तरीही भिजायला होतेच.

मुलासाठी धबधब्याइतकीच महत्त्वाची जागा म्हणजे नायगारा पार्क्स पॉवर स्टेशन. १९०५ चे हे वीजगृह २००६ मध्ये बंद झाले आणि २०२१ पासून प्रेक्षकांसाठी खुले आहे. काचेच्या लिफ्टने खाली खोल उतरले, की टर्बाइनमधून गेलेले पाणी नदीत सोडणारा ६७० मीटर लांबीचा बोगदा लागतो आणि त्याच्या टोकाला, थेट नदीच्या पातळीवर, सज्जात उभे राहता येते. बोगदा सपाट असला तरी जाऊन-येऊन सव्वा किलोमीटरहून अधिक चालणे होते, हे आईंच्या बाबतीत लक्षात घ्यावे. विटांच्या शौकिनांनी सांगितलेले लेनॉक्सचे वीजगृह वेगळे आहे. ते इथून थोडे वरच्या अंगाला लागते.

मुलाला हेही सांगावे, की धबधब्यातून किती पाणी पडायचे ते ठरवले जाते. कॅनडा आणि अमेरिका यांच्यातील १९५० च्या करारानुसार पर्यटनाच्या हंगामात दिवसा किमान २,८३२ घनमीटर पाणी दर सेकंदाला धबधब्यावरून जाऊ द्यावे लागते. रात्री आणि हिवाळ्यात हे प्रमाण निम्म्यावर आणता येते आणि बाकीचे पाणी वीजनिर्मितीकडे वळवले जाते. जूनअखेर सूर्यास्त रात्री नऊच्या सुमारास होतो, त्यामुळे रंगीत रोषणाईसाठी थांबलात तर परतीच्या गाडीचे वेळापत्रक कोलमडेल. क्लिफ्टन हिल हा मेणाच्या पुतळ्यांचा आणि भुताच्या घरांचा रस्ता मुलाच्या दृष्टीस पडू नये, एवढी काळजी घ्यावी. एकदा दिसला की तिथून हलणे कठीण.

मधली गल्ली

काय पाहू नये, याचे उत्तर अजून कोणी नीट दिलेले नाही. ओंटारिओ सायन्स सेंटरचे नाव जुन्या याद्यांत अजून आढळते. छताच्या काँक्रीटमधील दोषामुळे ते जून २०२४ मध्ये बंद करण्यात आले. ओंटारिओ प्लेस या सरोवराकाठच्या उद्यानाचीही मोठी पुनर्रचना चालू आहे. हाय पार्कमधल्या चेरीच्या फुलांचे फोटो पाहून कोणी तिकडे जाते. ती फुले एप्रिलअखेर आणि मेच्या सुरुवातीला येतात, जूनअखेर तिथे छान सावली आहे, एवढेच. स्कारबरो ब्लफ्स सुंदर आहेत, गाडीशिवाय आईंसह जाणे मात्र त्रासाचे आहे.

रविवार रिकामा असेल, तर केन्सिंग्टन मार्केटला जावे. मे ते ऑक्टोबर या काळात महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिथले रस्ते वाहनांसाठी बंद ठेवतात आणि तुमचा रविवार नेमका तोच आहे. १९२० च्या दशकात ही ज्यू लोकांची बाजारपेठ होती, मग पोर्तुगीज, कॅरिबियन आणि चिनी लोक आले. प्रत्येकाने आधीच्याचे दुकान थोडेसेच बदलले.

स्ट्रीटकार (म्हणजे ट्राम), बस आणि सबवे या तिन्हींसाठी वेगळे कार्ड घेण्याची गरज नाही, बँकेचे कार्ड टेकवले तरी चालते. ३.३० डॉलरमध्ये दोन तास कितीही वेळा वाहन बदलता येते. नवीन स्ट्रीटकार खालच्या पातळीवरच्या असल्याने आईंना त्या सबवेपेक्षा सोयीच्या वाटतील, कारण सबवेच्या काही स्टेशनांवर अजूनही लिफ्ट नाही.

रानजाई

आता चित्र बरेच स्पष्ट झाले. बुधवारी संध्याकाळी आर्ट गॅलरी. गुरुवारी जुने सिटी हॉल, कासा लोमा आणि आकाश स्वच्छ असेल तर टॉवरवर दुपारचे जेवण. शुक्रवारी आगा खान म्युझियम आणि त्यानंतर सेंट लॉरेन्स मार्केट. शनिवारी बेटे, रविवारी नायगारा. केन्सिंग्टन आणि रॉयल ओंटारिओ म्युझियम सोडून देते. यात काही अडचण दिसते का?

पाणकणीस

एकच अडचण आहे, आणि ती मोठी आहे. जूनच्या शेवटच्या शनिवारी ऊन पडले तर फेरीच्या रांगेत आईंना तासभर उभे राहावे लागेल. बेटांवर गुरुवारी सकाळी लवकर जावे आणि टॉवरचे जेवण त्याच दिवशी दुपारी ठेवावे. फेरी टर्मिनलपासून टॉवर फार दूर नाही. सिटी हॉल आणि कासा लोमा शुक्रवारी सकाळी, दुपारी आगा खान. नायगारा शनिवारी करावे, म्हणजे सोमवारच्या विमानाआधीचा रविवार धावपळीचा होणार नाही आणि केन्सिंग्टनही आपोआप साधेल. मार्केट राहिले, तर राहू द्यावे. फेरीचे तिकीट आदल्या दिवशी ऑनलाइन काढून ठेवावे.